रेघ आधी, पाना नंतर

४ फेब्रुवारी

ताई,

लांबूनच पाया पडतो, म्हणजे धपाटा बसायची भीती नाही.

फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो आणि चौथ्या वाक्याला तू "गिऱ्हाईक आलंय" म्हणून ठेवून देतेस. पत्रात निदान माझं बोलणं पुरं होतं.

ठकीला नोकरी लागल्याचं तिनेच कळवलं. घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे आणि अकराच्या आत लॅबमध्ये पोचवायचे. रोजचे साठ किलोमीटर, आणि पहिले तीन महिने कच्ची नेमणूक. म्हणजे गाडी हवीच. आणि तू तिला बाबांची जुनी फटफटी देणार आहेस असंही कळलं. अगं, ती गाडी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे! तिला किक मारता मारता पोरीचे अकरा घरीच वाजतील.

आता मुद्द्याचं. आमची कंपनी समुद्रापलीकडून मोटारसायकली मागवते, हे तुला माहीत आहेच. पेट्यांमधून येतात, इथून विक्रेत्यांकडे जातात. त्यातली एक ठकीसाठी पाठवतो. दीडशे सीसी, पुढे डिस्क ब्रेक, बटणाने चालू होणारी, आणि किंमत नावाजलेल्या गाडीच्या निम्मी. मला माहीत आहे तू आता नाक मुरडलंस. पण मी दर्जा विभागात आहे, ताई. मी स्वतः निवडून, स्वतः तपासून पाठवीन. मामा आहे मी तिचा.

आणि एक ऐक, तुला बरं वाटेल. आवळलेल्या बोल्टावर पांढरी रेघ मारायची बाबांची पद्धत मी इथे सुरू करून दिली. साहेब इतके खूश झाले की म्हणाले, ही कल्पना आधी का नाही सुचली कुणाला!

बदल्यात एकच काम. गाडी तीन महिने चालवून तुझं मत लिहून दे. तीस वर्षं गॅरेज चालवणाऱ्या बाईचं मत इथे वजनदार ठरेल. आणि खरं सांगायचं तर मलाही उपयोग होईल.

धाकटा

१० फेब्रुवारी

धाकट्या,

नाक मुरडलं, हे बरोबर ओळखलंस.

मागच्या वर्षी असल्या चार गाड्या माझ्या दारात आल्या. एकीचा सायलेन्सर चौकात गळून पडला, आणि मालक बिचारा तो सायलेन्सर काखेत मारून चालत आला. दुसरीची साखळी दोन महिन्यांत इतकी ताणली की तिच्यात आणखी एक चाक बसलं असतं. तिसरीच्या मालकाला सुटा भाग हवा होता, तो अजून वाट बघतोय. चौथी बरी होती. चारात एक बरी निघणं याला दर्जा म्हणत नाहीत, नशीब म्हणतात.

पण बाबांच्या गाडीबद्दल तुझं म्हणणं खरं आहे. परवा ठकीने तिला बावीस किका मारल्या आणि मग गाडीशेजारीच जमिनीवर बसली. नोकरी तीन तारखेला सुरू. माझ्यापाशी दुसरा उपाय नाही म्हणून हो म्हणते, तुझ्या कंपनीवर भाळून नव्हे.

गाडी आली की मी ती सगळी उघडणार. वॉरंटी जाते की राहते हे तुझ्या साहेबांना विचारत बसणार नाही. रेघेचं वाचून मात्र बरं वाटलं, हे कबूल करते. साहेबांना नियम पुरता सांगितलास ना? ज्याने आवळलं त्यानेच रेघ मारायची, आणि रेघ असलेल्या बोल्टाला दुसऱ्याने पाना लावायचा नाही. मी एकदा तुझ्या रेघेवर पाना लावला होता आणि आटे घालवले होते, आठवतं? बाबा माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. म्हणाले, "त्याचा शब्द होता तो, त्याच्यावर तू पुन्हा पाना घातलास."

पाठव गाडी. पोर एकटी फिरणार आहे तिच्यावर, एवढं ध्यानात ठेव.

ताई

२ मार्च

धाकट्या,

आली तुझी गाडी.

ट्रकवाल्याने ती उतरवली तेव्हा ठकी उड्या मारत होती. तुझे दाजी भोवती दोनदा फिरले आणि "रंग छान आहे" म्हणाले. गाड्यांच्या बाबतीत त्यांची मजल तेवढीच. टाकीवर सिंहाचं चित्र आहे. मी फडक्याने धूळ पुसायला गेले, तर सिंहाची शेपटी फडक्याबरोबर निघून आली. इथून सुरुवात.

उजव्या आरशात मागची बस कुठली आणि मागची भिंत कुठली हे कळत नाही. वेगाचा काटा गाडी स्टँडवर उभी असताना वीस दाखवतो. ठकी म्हणाली, मामाने आधीच वीसने पुढे नेऊन ठेवलीय. हसले मी, पण माझं डोकं तापलं होतं. सीटखालच्या स्क्रूला पेचकस लावला आणि त्याचं डोकं गोल झालं. लोखंड आहे की साबण? हँडलपाशी वायरी वळतात तिथे त्या पत्र्याच्या कडेवर घासत होत्या, महिनाभरात कापल्या गेल्या असत्या. तिथे मी रबरी नळी चढवली. इंजिनातलं ऑइल काढलं तर तळाशी धातूचा चुरा. तुमच्या पुस्तकात लिहिलंय की ऑइल पाचशे किलोमीटरला बदला. मी पाचाला बदललं. त्या पुस्तकाबद्दल तर बोलूच नकोस. "साखळीस प्रेमाने घट्ट करावे" असं छापलंय. कुणाला बसवतात रे हे लिहायला?

मग एकेक नट घेतला. खोटं सांगत नाही, अर्ध्याहून जास्त फिरले. कुणी अर्धा वेढा, कुणी पाऊण. मागच्या मडगार्डाचा तर बोटांनी निघाला. मी मागचं चाक खोलून पुन्हा बसवलं, इंजिन धरणारे बोल्ट मोजून आवळले, आणि सगळा वेळ तोंडाने तुझ्या कंपनीचा उद्धार चालू होता. ठकी शेवटी आत निघून गेली.

एकाच ठिकाणी हायसं वाटलं. पुढच्या चाकाचा आस, हँडलचे चार बोल्ट आणि पुढच्या कॅलिपरचे दोन, या सातांवर पांढरी रेघ. ठकीने विचारलं कॅलिपर म्हणजे काय, तर म्हटलं, चाकाची चकती चिमटीत धरून गाडी थांबवतो तो. आणि त्या रेघांना शेवटी गळासारखा वाकडा आकडा! तू डावखुरा, ब्रश आपल्याकडे ओढतोस, म्हणून तुझ्याच रेघेला तसा आकडा येतो. बाबा त्यावरून तुला किती चिडवायचे. बघितल्याबरोबर ओळखलं की या गाडीवर तुझा हात फिरलाय. त्या सात बोल्टांना मी पाना लावला नाही. बाकी गाडी कंपनीची असेल, तेवढी तुझी आहे.

उद्यापासून ठकी कामावर जाते. माझा जीव थाऱ्यावर नाही.

ताई

९ मार्च

ताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझा राग कळतो. पण तू प्रत्येक गाडी बाबांच्या गाडीच्या फूटपट्टीने मोजतेस, तिथे गोंधळ होतो. ती लोखंडाची होती, ओढायला बैल लागले असते. ही हलकी आहे, कमी पेट्रोल पिते, आणि जिला नावाजलेली गाडी परवडत नाही तिच्याही दारात उभी राहते. ती स्वस्त आहे म्हणून ठकीला मिळाली, हेही बघ ना.

नवा आरसा, नवा काटा आणि सिंहाची शेपटी पार्सलने पाठवली आहे. शेपटी चिकटवण्याआधी टाकी कोरडी करून घे. सीटखालचे चांगल्या प्रतीचे स्क्रूही टाकले आहेत.

सोबत अहवालाचा छापील कागद आहे, तीन महिने न थांबता आत्ताच भरून पाठव. इंजिन, ब्रेक, बांधणी, वायरिंग, एकूण मत. प्रत्येकापुढे चार चौकोन आहेत, एकात खूण करायची. "असमाधानकारक" असा चौथा चौकोन आहे, पण तिथली खूण वरपर्यंत पोचत नाही असं इथले जुने लोक सांगतात. तेव्हा जरा सांभाळून. दर्जा विभागाला प्रमुख नेमायचा आहे आणि माझं नाव पुढे आहे, ताई. सोळा वर्षांत पहिल्यांदा मला कुणी खुर्ची देऊ करतंय.

ठकीला सांग, मामाने विचारलंय.

धाकटा

२५ मार्च

धाकट्या,

मी तीन तीन पानं लिहिते आणि तू मला आरसा पाठवतोस! अर्ध्याहून जास्त नट ढिले होते असं मी लिहिलं, त्यावर तुझ्या पत्रात चकार शब्द नाही. शेपटीवर मात्र दोन वाक्यं. तुझ्या दर्जा विभागात लोक वाचतात की नुसते शिक्के मारतात?

गेल्या मंगळवारी गाडी भर रस्त्यात बंद पडली. बॅटरीच्या तारेचं टोक नुसतं दाबून बसवलेलं होतं, डाग देऊन झाळलेलं नव्हतं. ठकीने ते चिमट्याने आवळलं आणि गाडी चालू केली, माझीच पोर आहे शेवटी. पण लॅबमध्ये पोचायला अकरा वीस झाले. चार माणसांचे नमुने फुकट गेले, त्यांना पुन्हा सुई टोचावी लागली. ठकीला लेखी ताकीद मिळाली. आणखी एक ताकीद आली की नोकरी गेली. घरी येऊन जेवण झाल्यावर ती गाडीपाशी गेली आणि टाकीला एक लाथ मारून आली. मी बघितलं नाही असं दाखवलं.

तुझा कागद भरला आहे. इंजिनापुढे "चांगले" अशी खूण केली आहे, कारण ते खरंच चांगलं आहे. उघडून बघितलंय मी. घडण साधी आहे, पण ज्याने ती आखली त्याला काम येतं. चढावर दम खात नाही, पेट्रोल खरंच कमी पितं. स्वस्त गाडीचा मला राग नाही रे. पातळ पत्रा दिसतो, फिकी चमक दिसते, माणूस ते बघून घेतो आणि पटलं तर घेतो. राग येतो तो न दिसणाऱ्या कामचुकारपणाचा. बोल्ट आवळायला पैसे पडत नाहीत, माणूस लागतो. म्हणून बांधणीपुढे चौथ्या चौकोनात खूण केली आहे. वर पोचत नसेल तर तू हातात घेऊन जा.

दर रविवारी गाडी धुऊन तुझ्या सात रेघा बघते. सातही सलग आहेत, म्हणजे एकही बोल्ट फिरलेला नाही. या गाडीत मी डोळे मिटून भरवसा ठेवते ती जागा तेवढीच.

ताई

३ एप्रिल

ताई,

कागद मिळाला. बांधणीपुढची खूण "ठीक" वर आणता आली तर बघ. कोरा कागद पुन्हा पाठवतोय. नेमणुकीची बैठक महिनाअखेर आहे. गाडी तुझ्या हाताखाली आहे, तू सगळं आवळून घेतलंयस, मग आता ती ठीकच नाही का?

इथे कामाची फार धावपळ आहे. जास्त लिहीत नाही.

धाकटा

२४ एप्रिल

धाकट्या,

तुझा कोरा कागद कोराच परत पाठवते आहे.

बुधवारी ठकी पडली. टेकडीपलीकडच्या वस्तीवर तीन दिवस तपासणी होती, सगळा खडीचा रस्ता. तिसऱ्या दिवशी उतारावर तिने ब्रेक दाबला आणि पुढचं चाक जागच्या जागी बसलं. पोर हँडलवरून पुढे फेकली गेली. उजवं मनगट मोडलं, हनुवटीला पाच टाके. पेट्रोलचा टँकर मागून येत होता, तो वेळीच थांबला म्हणून मी आज हे लिहिते आहे. मी पोचले तेव्हा ती रस्त्याच्या कडेला नमुन्यांची पेटी मांडीवर घट्ट धरून बसली होती. म्हणाली, "आई, एकही बाटली फुटली नाही." मग रडली.

गाडी मी टेम्पोत घालून आणली आणि लगेच उघडली. कॅलिपरचा एक बोल्ट नाही. दुसरा अर्धा बाहेर. कॅलिपर फिरून आऱ्यांत अडकला होता. उरलेला बोल्ट मी काढून उजेडात धरला. आवळलेल्या बोल्टाच्या डोक्याखाली दाबल्याची गोल चकाकी उमटते, हे तुला मी सांगायला नको. याच्याखाली कारखान्याचा कोरा मुलामा आहे. हा बोल्ट जन्मात कधी आवळलेला नाही. बोटांनी फिरवून बसवलेला आहे, आणि वर तुझी रेघ. त्या रेघेच्या रंगानेच तो धरून ठेवला होता, म्हणून मला रविवारी ती सलग दिसायची. सात आठवडे माझी पोर रंगाच्या भरवशावर फिरली.

मी गाडीतला एकेक नट आवळला होता. फक्त ते सात सोडले. तुझा आकडा बघून सोडले. कंपनीची रेघ असती तर मी तिच्यावर थुंकून पाना लावला असता!

आणि मी हे तुला लिहिलं होतं. २ मार्चच्या पत्रात. "त्या सात बोल्टांना मी पाना लावला नाही." ते पत्र तू दोनदा वाचलंस, तूच लिहिलंयस. आणि मला शेपटी पाठवलीस.

एकच विचारते. आवळले होतेस का? हो की नाही?

ताई

२९ एप्रिल

ताई,

नाही.

म्हणजे पाच आवळले होते, ते दोन नाही. पण तू हो की नाही विचारलंस, तर नाही.

आता सगळं सांगतो. मी दर्जा विभागात आहे हे खरं, पण विभाग म्हणजे गोदामामागची पत्र्याची शेड. पेटीतून गाडी निघते तेव्हा पुढचं चाक, हँडल, आरसे, कॅलिपर सगळं सुटं असतं. ते आम्ही जोडतो. आम्ही पाच जण, मोजून आवळायचा पाना एक, आणि रोज चाळीस गाड्या. रेघेची पद्धत मी साहेबांना सांगितली ती बाबांनी शिकवली तशीच, अक्षरशः. पहिला महिना तशी चालली. मग साहेब म्हणाले की रंग वाळेपर्यंत ट्रक थांबतो, तेव्हा सकाळीच बोल्ट बोटांनी बसवून सगळ्या गाड्यांवर रेघा मारून घ्या आणि मग आवळत जा. ब्रश माझ्या हातात चांगला चालतो म्हणून ते काम माझ्याकडे आलं. रेघ आधी, पाना नंतर, आणि पान्याने मोडलेली रेघ वरून ब्रशाने जोडायची. संध्याकाळी ट्रक आला की ज्यांच्यापर्यंत पाना पोचला नसेल त्याही गाड्या चढायच्या. रेघ असायचीच ना. विक्रेते रेघ बघून खूश. एकाने तर पत्र पाठवलं की तुमच्या गाड्यांवर प्रत्येक बोल्ट तपासल्याची खूण असते. ते पत्र साहेबांनी चौकटीत लावलंय.

मी बोललो नाही. सुरुवातीला एकदा बोललो, मग गप्प बसलो. खुर्चीचं चालू होतं.

ठकीची गाडी मी वेगळी काढून ठेवली होती. शपथेवर सांगतो, ती मी स्वतः जोडायला घेतली. सकाळी सातही बोल्ट बोटांनी बसवून रेघा मारल्या, मग आस आवळला, हँडलचे चार आवळले, कॅलिपरचे दोन उरले आणि तेवढ्यात साहेबांनी वर बोलावलं. त्याच खुर्चीबद्दल. खाली आलो तर गाडी ट्रकवर चढत होती. मी चढून बघितलं. सातही बोल्टांवर रेघ होती. माझीच. आणि ताई, ती बघून मलाही वाटलं की आवळून झालंय. सकाळी मीच न आवळलेल्या बोल्टांवर मारलेली रेघ, आणि संध्याकाळी मीच तिला फसलो.

तुझं २ मार्चचं पत्र वाचलं. तेव्हा मला आठवेना की ते दोन आवळले होते की नाही. लिहायला बसलो, "ताई, सातांनाही पाना लाव." लिहिलं आणि फाडलं. कारण तू विचारलं असतंस, का? मग इथल्या रेघेचा अर्थ सांगावा लागला असता. स्वतःला समजावलं की तू पाना लावल्याशिवाय राहणारच नाहीस. तू कुणावर कधी विश्वास ठेवतेस, म्हटलं.

ठकीला काय सांगू? मला सुचत नाही.

धाकटा

४ मे

धाकट्या,

पत्र वाचून मी दोन दिवस तुला शिव्या घातल्या. तुझे दाजी कधी आवाज चढवत नाहीत, तेही म्हणाले की असला मामा नको. मीच मग त्यांना गप्प केलं. तुला बोलायचा हक्क माझा आहे.

फसलो म्हणतोस, त्यातलं एक मी मान्य करते. रेघेला मीही फसले. तीस वर्षं हातात पाना असलेली बाई तुझा आकडा बघून आंधळी झाली. आपण दोघंच या जगात असे आहोत की ज्यांना त्या रेघेवर पाना लावायची लाज वाटते. दुसरा कुठलाही मिस्त्री असता तर त्याने आवळून टाकले असते आणि ठकी आज कामावर असती. पण पत्र फाडलंस त्याचं काय करू? ते एक वाक्य होतं. सहा शब्दसुद्धा नाहीत.

सुचत नाही म्हणतोस, तर मी सुचवते. ठकीचा विचार नंतर कर. अशा किती गाड्या गेल्या आहेत तुझ्या आकड्याच्या? रोजच्या चाळीस म्हणालास. मला त्या हिशेबानं घेरी येते. त्यातल्या प्रत्येकीवर कुणाची तरी पोर बसली आहे, आणि कुठल्या तरी गावात एखादा भला मिस्त्री रेघ बघून "हे झालेलं दिसतंय" म्हणून पुढच्या नटाकडे वळला आहे. त्यांना कोण सांगणार? तुझे साहेब? चौकटीतलं पत्र उतरवून?

नेमणूक झाली का रे खुर्चीवर?

ताई

१९ मे

ताई,

झाली होती. दोन तारखेला.

तुझं पत्र सात तारखेला आलं. आठला सकाळी मी साहेबांकडे गेलो. तुझा अहवाल, चौथ्या चौकोनातल्या खुणेसकट, हातात घेऊन गेलो, तू म्हणालीस तसा. ते म्हणाले, बघू. मी म्हटलं, बघण्यासारखं काही नाही, आज ट्रक थांबवा. ते म्हणाले, तू आता प्रमुख आहेस, प्रमुखासारखा विचार कर. मी तसाच उलटा फिरलो. मग खाली आलो आणि रंगाचा डबा शेडबाहेर ओतून टाकला. डबा ओतून काही होत नाही हे मलाही कळतं, पण त्या क्षणी दुसरं काही हाताशी नव्हतं.

मग शहाण्यासारखं केलं. प्रमुखाच्या टेबलात विक्रेत्यांची यादी असते. एकतीस आहेत. एकतीस पत्रं हाताने लिहिली, माझ्या नावाने, माझ्या सहीने. त्यात लिहिलं की आमच्या गाडीवरची पांढरी रेघ म्हणजे बोल्ट आवळलेला आहे असं समजू नका. ती रेघ मी मारलेली आहे आणि ती खोटी आहे. विकलेल्या गाड्या परत बोलावून पुढचं चाक, हँडल आणि कॅलिपर आवळून घ्या. सोबत तुझ्या अहवालाची प्रत लावली. इंजिन चांगलं आहे असं तू लिहिलंयस तेही राहू दिलं.

बावीस विक्रेत्यांची उत्तरं आली. चौघांनी शिव्या घातल्या, दोघांनी गाडी अशीच ढिली होऊन कोण पडलं ते कळवलं. एकाचा पाय गेला आहे. ते पत्र मी खिशात ठेवलंय.

खुर्ची गेली हे सांगायला नकोच. नोकरीही गेली. खोली महिनाअखेर सोडतोय. कुठे जायचं ते ठरलेलं नाही.

ठकीचा हात कसा आहे?

धाकटा

२६ मे

धाकट्या,

ठकीचं प्लास्टर पुढच्या आठवड्यात निघेल. दुसरी ताकीद आली नाही. पडूनही बाटल्या शाबूत आणल्या म्हणून लॅबवाल्या बाईंनी तिला सध्या टेबलावर बसवलंय, डाव्या हाताने चिठ्ठ्या चिकटवते. हात बरा झाला की पुन्हा फिरतीवर.

माझा राग गेलेला नाही. तो कधी जाईल ते मला विचारू नकोस, मलाच माहीत नाही. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी एका गिऱ्हाइकावर उगाच ओरडले आणि मग आत जाऊन तुझं पत्र पुन्हा वाचलं.

काल पलीकडच्या गावच्या विक्रेत्याने तीन गाड्या पाठवल्या. तिन्ही सिंहाच्या, तिन्हींवर तुझा आकडा. त्याला कुणी तरी माझं गॅरेज सांगितलं म्हणे. दोन ठीक निघाल्या. तिसरीचं हँडल हाताने हललं. आणखी अकरा यायच्या आहेत. मी एकटी पुरी पडणार नाही.

ठकीची गाडी मी जोडली आहे. नवा कॅलिपर, नवे आरे. सगळं आवळलं, पण कॅलिपरचे ते दोन बोल्ट नाही. ते बोटांनी फिरवून ठेवले आहेत, तू ठेवले होतेस तसेच. गाडी स्टँडवर उभी आहे, हँडलला कुलूप आहे. ते दोन तू येऊन आवळायचे. आधी पाना देईन. रंगाचा डबा माझ्या कपाटात आहे, आणि तो केव्हा द्यायचा ते मी ठरवीन.

माझं म्हणणं होतं की आवळून झालं की तू एकट्यानेच गाडी त्या टेकडीच्या उतारापर्यंत नेऊन आणायची आणि तिथे जोरात ब्रेक दाबायचा. ठकीला ते पटलं नाही. मामा चालवेल तेव्हा मागे मी बसणार, म्हणते. मी नाही म्हटलं, तर ऐकत नाही.

तेव्हा नीट आवळ.

ताई